चेलोचा आवाज बसला, तर आधी सांधे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य वाद्ये शिकणाऱ्या मुंबईतल्या मुलांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मुले चेलोकडे, म्हणजे बसून गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याकडे, वळत आहेत याचा आनंदच आहे. मात्र 'चेलोची पोकळ पेटी तारेचा आवाज मोठा करते' असे एक वाक्य त्यात आहे. एवढेच सांगून सोडून दिले, तर वाचणाऱ्याला वाटते की पेटी म्हणजे एक अखंड खोके आणि आवाजाचे बरेवाईट सगळे तारांवर. मग जुलैत आवाज बसला की पालक काही हजारांचा तारांचा नवा संच आणतात. तोही तसाच वाजतो, आणि वाद्यच खराब निघाले म्हणून ते कोपऱ्यात जाते. आम्ही व्हायोलिन-चेलोची जुळवणी आणि दुरुस्ती करणारी माणसे आहोत. पेटी स्वतःची काही ताकद घालत नाही. गजाने दिलेली ताकद तारेतून ब्रिजमध्ये (तारा ज्यावर टेकतात ती घोडी), ब्रिजमधून लाकडात आणि लाकडातून हवेत जाते. या वाटेवर दोन वस्तू जिथे एकमेकींना टेकतात, तिथे ती अडू शकते. आवाज बिघडला की आधी ही टेकण्याची ठिकाणे पाहावीत, हे आमचे सांगणे आहे.

सुरुवात गजापासून. गजाचे केस तारेवरून नुसते सरकतात असे दिसते, पण खरे तर ते तारेला धरतात आणि सोडतात. केसांना लावलेल्या राळेमुळे तार त्यांना चिकटते, त्यांच्यासोबत बाजूला ओढली जाते, ताण पुरेसा वाढला की निसटते आणि लगेच पुन्हा पकडली जाते. बोट न दाबलेल्या, म्हणजे मोकळ्या 'ए' या सर्वांत बारीक तारेवर हे सेकंदाला २२० वेळा घडते, मोकळ्या 'सी' या सर्वांत जाड तारेवर सुमारे ६५ वेळा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की या वेळी तार साध्या कमानीसारखी डोलत नसते. तिच्यात एक टोकदार मोड तयार होतो आणि तो ब्रिजपासून वरच्या नटापर्यंत (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती पट्टी) आणि परत अशा फेऱ्या मारत राहतो. तारेची वाजती लांबी सुमारे ६९ सेंटीमीटर असते. त्या हिशेबाने 'ए'वर हा मोड सेकंदाला ३०० मीटरहून थोडा अधिक वेगाने धावतो, 'सी'वर जेमतेम ९० मीटर. जाड तारेवर सूर उशिरा उमटतो तो यामुळे. मोडाची लय बसायला काही फेऱ्या लागतात आणि 'सी'वरची प्रत्येक फेरी लांबची असते. मुलाचा हात मंद आहे असे समजून त्याला दटावण्याआधी हे लक्षात घ्यावे.

राळेचे इथल्या हवेत वेगळे होते. उकाड्यात आणि दमट दिवसांत ती मऊ पडते, तारेवर तिचा चिकट थर साचतो आणि तार सुटायच्या वेळी सुटत नाही. सूर खरखरीत येतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसल्या की काम भागते. स्पिरिटचा बोळा वाद्याजवळ नेऊ नये. एक थेंब पेटीच्या वरच्या फळीवर पडला तर वॉर्निश विरघळते.

आता ब्रिज. आपल्याकडे काही जण त्याला घोडीच म्हणतात. तार बारीक असल्याने ती स्वतः हवेला फारसे ढकलू शकत नाही. शिवाय तिचे हलणे आडवे, फळीला समांतर असते आणि फळी हलायला हवी वर-खाली. ही दिशा बदलून देतो तो ब्रिज. सुमारे ९ सेंटीमीटर उंचीचा, मेपलच्या लाकडाचा, दोन पायांवर उभा. तारेने त्याचे डोके एका बाजूला ढकलले की एक पाय फळी दाबतो आणि दुसऱ्या पायाखालचा दाब हलका होतो. चारही तारांचा मिळून ताण ५० ते ६० किलोंच्या घरात असतो आणि त्यातून ब्रिजवर खाली येणारा भार २५ किलोंच्या आसपास. ब्रिज चिकटवलेला नसतो. या भारावरच तो उभा असतो.

तंबोरा ज्यांनी हाताळला आहे त्यांना इथला फरक चटकन कळेल. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तार तिच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत राहते आणि जवारी तिथेच निघते. चेलोत नेमके हेच नको असते. तार ब्रिजच्या कडेवर एका रेषेत स्वच्छ संपली पाहिजे. त्यासाठी ब्रिजची वरची कड सुमारे २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची ठेवतात, पायांकडे ती १० ते ११ मिलिमीटर होते. खाच तारेच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल, त्याहून जास्त नाही. 'ए' तार बारीक आणि ताणलेली असल्याने ती लाकूड कापत खाली जाते, म्हणून तिच्याखाली चर्मपत्राचा छोटा तुकडा लावलेला असतो. तो निघाला असेल आणि खाच खोल झाली असेल, तर त्या एका तारेचा आवाज दबलेला येतो. दोष तारेचा नसतो.

तारेतून आलेली लाट ब्रिजवर पोहोचली की तिचा बहुतेक भाग मागे फिरतो, थोडाच पुढे जातो. हे असेच हवे. सगळी लाट एकाच वेळी पेटीत गेली तर तारेत सूर टिकणारच नाही. ब्रिजवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, बसवला की त्याच्या वजनाने पुढे जाणारा हिस्सा आणखी घटतो, विशेषतः वरचे अंश-स्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर), आणि आवाज मऊ होतो. पण अडथळा म्यूटसारखा मुद्दामच येतो असे नाही, नकळतही येतो. तपासून पाहा: ब्रिजच्या पायाखाली पातळ कागदाची कड सरकवायचा प्रयत्न करावा. कागद कुठूनही आत शिरला नाही पाहिजे. शिरला तर पायाचा तळ फळीच्या उंचवट्याला नीट बसलेला नाही. बाहेरून तयार आलेल्या स्वस्त वाद्यांत हा दोष हमखास सापडतो, कारण ब्रिज प्रत्येक वाद्याच्या फळीवर घासून बसवावा लागतो आणि ते काम कारखान्यात होत नाही. दुसरी खूण म्हणजे कलणे. खुंट्या पिळताना तारा ब्रिजचे डोके फिंगरबोर्डकडे (तारा ज्यावर दाबतात ती लांब पट्टी) ओढत नेतात. कडेने पाहिले तर ब्रिजची टेलपीसकडची (तारांची खालची टोके अडकवतात तो तुकडा) पाठ फळीशी काटकोनात दिसली पाहिजे. कललेला असेल तर तारा किंचित सैल करून, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि बोटांनी वरची कड धरून, हळूहळू सरळ करावा. एका झटक्यात नव्हे. दुर्लक्ष केले तर मेपल त्या वळणातच वाकते, किंवा एखाद्या दिवशी ब्रिज आडवा पडून फळीवर आपटतो.

ब्रिजखाली काय आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि नुकसान तिथेच होते.

'सी' तारेच्या बाजूच्या पायाखाली, फळीला आतून चिकटवलेली स्प्रूस या मऊ लाकडाची एक लांब पट्टी असते. तिला बेस बार म्हणतात. 'ए'च्या बाजूच्या पायापासून काही मिलिमीटर मागे, टेलपीसकडे, स्प्रूसची एक गोल काठी वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभी असते. हा साउंडपोस्ट. जाडी साधारण ११ मिलिमीटर. तोही चिकटवलेला नसतो, दोन्ही टोकांना बसणाऱ्या दाबावर उभा राहतो. सतार-तंबोऱ्यात असे काही नसल्यामुळे आपल्याकडे अनेकांना ही काठी म्हणजे आत राहून गेलेला लाकडाचा तुकडा वाटतो. ती पडून आत खुळखुळू लागली की हलवून हलवून बाहेर काढतात आणि टाकून देतात.

ती नसेल तर काय होते? ब्रिजचे दोन पाय आळीपाळीने दाबतात. दोन्हीकडची फळी सारखीच हलली, तर एका बाजूने ढकललेली हवा दुसरी बाजू आत ओढून घेते आणि खर्जाचा आवाज बाहेर पडतच नाही. साउंडपोस्ट एका पायाजवळची फळी पाठीला जखडून ठेवतो. मंद्र सुरांना तो पाय जवळपास स्थिर राहतो, ब्रिज त्याच्यावर डुलतो आणि दुसरा पाय बेस बारच्या आधाराने फळीचा मोठा भाग एकदम वर-खाली करतो. पेटीचे आकारमान कमी-जास्त होते आणि हवा खऱ्या अर्थाने ढकलली जाते. शिवाय वरच्या फळीची हालचाल साउंडपोस्टमधून पाठीलाही पोहोचते. म्हणजे डावी-उजवी सारखी नसणे हाच या वाद्याच्या आवाजाचा पाया आहे.

साउंडपोस्टची दोन्ही टोके फळीच्या आणि पाठीच्या आतल्या वळणाशी पूर्ण जुळावी लागतात. एका कडेवरच टेकलेला पोस्ट उभा दिसतो, पण आवाज अडवतो आणि मऊ स्प्रूसमध्ये खळगा पाडतो. पोस्ट ब्रिजच्या पायाच्या जवळ सरकवला की आवाज धारदार आणि ताठ होतो, लांब नेला की सैल आणि मऊ. सरकवायचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात मोजतात. हे काम एफ-होलमधून (वरच्या फळीतले 'f' अक्षराच्या आकाराचे छिद्र) वाकड्या पोलादी हत्याराने होते. ते घरी करू नये. तारेचा गुंडाळा करून, चमच्याचा दांडा घालून खटपट केलेली वाद्ये एफ-होलची कड फुटलेल्या अवस्थेत दुरुस्तीला येतात.

पोस्ट पडला तर घरच्यांनी एकच गोष्ट करायची: चारही तारा ताबडतोब सैल करायच्या. आधार गेलेल्या फळीवर तो २५ किलोंचा भार तसाच राहिला, तर ब्रिजच्या त्या पायाखाली फळी खचते आणि उभी चीर जाते. चिरीची दुरुस्ती होते, पण फळी उघडून आतून नवे लाकूड बसवावे लागते, आणि छोट्या वाद्याच्या किमतीइतका खर्च त्यातच येऊ शकतो. तारा बदलताना एकावेळी एकच काढायची, तेही याचसाठी. चारही एकदम काढल्या की दाब जातो आणि पोस्ट निसटतो.

फळीत शिरलेली कंपने सगळीकडे सारखी पसरत नाहीत. स्प्रूसमध्ये लाकडाच्या रेषांच्या दिशेने ध्वनीचा वेग सेकंदाला ५ ते ६ किलोमीटर असतो, आडव्या दिशेने त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. वाद्य वाजताना फळीत मुख्यतः वाकण्याच्या लाटा असतात, त्यांचा वेग याहून कमी आणि सुराच्या उंचीनुसार बदलणारा. पण उभ्या-आडव्याचा फरक तिथेही राहतोच, म्हणून वरची फळी रेषा सरळ उभ्या येतील अशीच चिरलेली लागते. प्लायवूडच्या फळीत थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे हा गुणच नाहीसा होतो. नवशिक्या मुलासाठी असे वाद्य मजबूत आणि सोयीचे आहे, ते घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण साउंडपोस्ट कितीही सरकवला तरी त्यातून गोलाई निघत नाही, हे विकत घेतानाच माहीत असावे.

शेवटचा टप्पा हवेचा. एफ-होलमधली हवा आतल्या हवेच्या दाबावर आत-बाहेर होते आणि तिचा स्वतःचा एक सूर असतो. चेलोत तो सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास, म्हणजे 'सी'च्या शेजारच्या मोकळ्या 'जी' तारेच्या सुराजवळ येतो. त्याच्या खाली पेटीकडून मिळणारी मदत झपाट्याने कमी होते. मोकळ्या 'सी'ची ६५ कंपने बाहेर फार क्षीण पडतात. आपल्याला तो खर्ज ऐकू येतो तो त्याच्या वरच्या अंश-स्वरांवरून कानाने जुळवलेला. यामागे आकाराचा हिशेब आहे. चेलोची 'सी' व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेच्या एक-तृतीयांश कंपनांची, पण पेटी व्हायोलिनच्या ३५.५ सेंटीमीटरांच्या जागी ७५ सेंटीमीटरच्या थोडी पुढे, म्हणजे दुपटीहून किंचित मोठी. तिप्पट केली तर कुणाच्या गुडघ्यांत मावणार नाही. ती कसर बाजूच्या पट्ट्यांची उंची वाढवून भरून काढली आहे. व्हायोलिनला ३ सेंटीमीटर, चेलोला ११ ते १२.

या सगळ्या वाटेत एक जागा अशी आहे की जिथे कंपने अडत नाहीत, उलट फार सहज जातात, आणि त्याचाच त्रास होतो. 'वुल्फ' म्हणतात तो हाच. 'ई' आणि 'एफ-शार्प'च्या दरम्यान, १६५ ते १८५ कंपनांच्या पट्ट्यात, पेटीचा स्वतःचा एक जोरकस सूर असतो. 'जी' किंवा 'सी' तारेवर नेमका तो सूर दाबला की पेटी तारेची ताकद भराभर ओढून घेते, मोडाला फिरायला ताकद उरत नाही, सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, पुन्हा खाली येतो, आणि गुरगुरल्यासारखी थरथर ऐकू येते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात यावर काम केले आणि १९१६ मध्ये 'नेचर'मध्ये व्हायोलिन आणि चेलोच्या वुल्फवर टिपण प्रसिद्ध केले. नोबेल मिळायला तेव्हा चौदा वर्षे बाकी होती. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत रामन म्हणजे प्रकाश एवढेच असते. गजाने वाजणाऱ्या तारेवरचे त्यांचे संशोधन आजही या विषयात पायाभूत मानतात, हे मुलांना सांगायला हवे.

वुल्फ म्हणजे लाकूड खराब, असे मुळीच नाही. मोकळ्या, बोलक्या चेलोत तो बहुधा असतोच. उपाय साधा आहे: ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधल्या 'जी' किंवा 'सी'च्या तुकड्यावर रबराची नळी घातलेली पितळी नळी स्क्रूने बसवायची. तेवढा तुकडा वुल्फच्याच सुराला लागला की जास्तीची ताकद तो शोषून घेतो. नळी दोन-तीन मिलिमीटर सरकवावी, स्क्रू आवळावा, तोच सूर लांब गजाने वाजवून पाहावा, पुन्हा सरकवावी. थरथर गेली पण शेजारचे सूरही मेले, असे झाले तर किंचित मागे यावे. तातडीने वाजवायचे असेल तर गुडघ्यांनी पेटीच्या बाजू आवळून धरल्या तरी तो सूर तेवढ्यापुरता निभतो.

मुंबईचा पाऊस या सगळ्या सांध्यांना एकदम हात घालतो. लाकूड रेषांना आडवे फुगते. फळी रुंद व्हायला बघते, कडा पट्ट्यांना चिकटलेल्या असतात, म्हणून ती मधून वर उचलली जाते. तिच्याबरोबर ब्रिज आणि तारा वर येतात, मुलाची बोटे दुखू लागतात. फळी आणि पाठ यांच्यातले अंतर वाढल्याने साउंडपोस्ट आखूड पडतो, सैल होतो आणि आवाज पोकळ होतो. इथे एक चूक टाळावी. जुलैत सैल झाला म्हणून लांब पोस्ट बसवून घेतला, तर हवा कोरडी झाल्यावर, किंवा एसीच्या खोलीत, तोच पोस्ट फळीला आणि पाठीला आतून रेटतो. नवा पोस्ट करायचाच असेल तर पाऊस ओसरून लाकूड सावरेपर्यंत थांबावे.

सांधे सुटतात तेही याच दिवसांत. चेलोच्या फळ्या सरसाने जोडतात, आणि तोही मुद्दाम बेताचा पातळ. लाकडावर ताण आला तर सांधा उघडावा, लाकूड फाटू नये, हा त्यामागचा विचार आहे. उघडलेला सांधा शोधायला वाद्य आडवे धरून कडेने बोटाच्या पेराने टकटक करत जावे. बंद सांध्यावर आवाज भरीव येतो, सुटलेल्यावर चिरका, फटफटीत. वाजवताना एखाद्याच सुराला झणझण येत असेल तर कारण बहुधा इथेच, नाहीतर फाइन ट्यूनर (टेलपीसवरचा सूर जुळवायचा छोटा स्क्रू) किंवा एंडपिनचा (वाद्य जमिनीवर टेकवायची खालची दांडी) स्क्रू सैल असतो. सुटलेला सांधा ६० अंशांच्या आसपास तापवलेल्या सरसाने आणि क्लॅम्पने एका दिवसात बसतो. फेविकॉल लावू नये. फर्निचरला तो उत्तम, पण इथे सांधा पुन्हा स्वच्छ उघडता येत नाही, त्याच्यावर सरस धरत नाही, आणि पुढच्या वेळी सांध्याऐवजी फळीच फाटते.

वाद्य असलेल्या खोलीतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहिली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. शाळांना आणि संगीतवर्गांना आमची विनंती आहे की चेलोच्या खोलीत एक हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) टांगावा, काही शे रुपयांत मिळतो. पावसाळ्याचे चार महिने डीह्युमिडिफायर चालवावा. एसी तासाभराच्या वर्गापुरता लावून बंद केला तर लाकडाचे हाल अधिक होतात, कारण चढ-उतार दिवसातून दोनदा होतो. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, तिथे सरस मऊ पडतो.

एंडपिनमधून थोडी कंपने जमिनीत जातात. खाली पोकळ लाकडी रंगमंच असेल तर तोही थोडा वाजतो. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर टोक घसरते, म्हणून रबरी टोपी किंवा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा वापरावा. आवाजात पडणारा फरक अगदी किरकोळ आहे, घसरून ब्रिज आपटण्याचा धोका मात्र मोठा.

दिवाळी पहाटच्या आणि फ्यूजनच्या कार्यक्रमांत आता चेलो दिसू लागला आहे, म्हणून साउंड सांभाळणाऱ्यांसाठी एवढेच. माइक एफ-होलच्या तोंडाशी लावला की पेटीतल्या हवेचा तो १०० कंपनांजवळचा सूरच भरून येतो आणि बाकी सगळे घुमते. ब्रिजवर चिकटवलेला पिकअप (माइकऐवजी वापरायचा कंपने पकडणारा तुकडा) कंपने लाकडात शिरण्याआधीच उचलतो, म्हणून तो बारीक आणि नाकातला वाजतो. माइक ब्रिजच्या उंचीवर, ३० ते ५० सेंटीमीटर समोर, ब्रिज आणि 'सी'कडचे एफ-होल यांच्या मधोमध रोखून लावावा. मॉनिटर स्पीकर वादकाच्या मागे ठेवू नये, बाजूला ठेवावा. पाठीवर आवाज आदळला की पेटी त्यानेच थरथरते आणि त्याच १०० च्या आसपास फीडबॅक सुरू होतो.

आपले,
व्हायोलिन-चेलोची जुळवणी व दुरुस्ती करणारे काही कारागीर,
मुंबई